दोन बस भरून आलेली माणसं

बेसबॉलचा स्कोअर वहीत कसा लिहायचा हे मला एका निवृत्त डॉक्टरांनी शिकवलं. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. नात्यातले नव्हेत. मी एम.एस.साठी मिनेसोटात आले त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळं वसतिगृह रिकामं झालं होतं, बाहेर बर्फ होता आणि मी खोलीत तिसऱ्या दिवशीही मॅगीच खात होते. मराठी मंडळातल्या कुणीतरी माझा नंबर काकूंना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अडीच तास गाडी चालवून मला न्यायला आले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. गाडीत काय बोलावं हे मला सुचेना, म्हणून मी त्यांना दहावीचे मार्क सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “गणितात किती?”

काकांचं गाव दक्षिणेला, मक्याच्या शेतांच्या मधोमध. तिथे ते चाळीस वर्षं डॉक्टर होते. गावात एक धान्याचं कोठार, दोन चर्च, एक हायस्कूल आणि लाकडी बाकांचं एक बॉलपार्क, म्हणजे बेसबॉलचं मैदान. त्या बॉलपार्कवर जो संघ खेळायचा तो गावाचा म्हणायचा, पण त्यातली मुलं एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाची. मोठे संघ आपली शिकाऊ मुलं अशी लहान लहान गावांत ठेवतात. मुलगा चांगला निघाला तर एक पायरी वर, मग आणखी वर. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याचं कॉलेज, मग पुणं, मग इथे. मी त्याच जिन्याने आले होते.

त्या मुलांना पगार थोडा, म्हणून उन्हाळ्यात गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. काकूंच्या तळघरातल्या खोलीत दरवर्षी दोन मुलं असायची. डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, काकूंनी पोह्यांची इतकी सवय लावली, की तो वरच्या संघात गेल्यावर त्याच्या आईने फोन करून कृती विचारली. कोण कोणत्या भाषेत बोललं हे काकूंनाही आठवत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात काकांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. “क्रिकेट जरा वेळ बाजूला ठेव,” ते म्हणाले, “इथे बॅट टाकून पळायचं असतं.” प्रत्येक खेळाडूच्या जागेला आकडा, प्रत्येक चेंडूची खूण, प्रत्येक धावेचा चौकोन. सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी शेवटी शिकवली. सोपा चेंडू कुणाच्या हातून सुटला, तर मारणाऱ्याच्या नावावर फटका लिहायचा नाही. ज्याच्या हातून सुटला त्याच्या नावावर चूक लिहायची. चेंडू सोपा होता की अवघड, हे स्कोअर लिहिणाराच ठरवतो. “म्हणून त्याने चेंडूवरून नजर काढायची नाही,” काका म्हणाले. “अंदाजाने लिहायचं नाही.”

मी सात उन्हाळे त्या बाकांवर बसले.

एम.एस. झाल्यावर मला मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीत एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. काम आकड्यांचं. एके दिवशी मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं की बेसबॉल कुणाला नीट कळतं. टेबलाभोवती बहुतेक आपलीच मंडळी, पुण्याची, हैदराबादची, सगळे क्रिकेटवाले. मी हात वर केला. त्या कंपनीत मी पहिल्यांदाच आपणहून हात वर केला होता आणि सगळ्यांनी वळून पाहिलं ते मला फार आवडलं.

काम असं होतं. मोठे संघ जिच्यात खेळतात त्या वरच्या लीगला वाढायचं होतं. नव्या शहरांना संघ द्यायचे, गटांची फेरमांडणी करून प्रवास कमी करायचा. तरुण पोरं बेसबॉल बघत नाहीत, ती फुटबॉलकडे गेली, ही काळजी प्रत्येक मीटिंगमध्ये निघायची. आणि त्याच वेळी खालच्या पायऱ्या कमी करायच्या होत्या. लहान गावांतले कोणते संघ ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याची क्रमवार यादी आम्ही द्यायची. दिवे कसे आहेत, कपडे बदलायच्या खोल्या कशा आहेत, पुढचं गाव किती लांब आहे, माणसं किती येतात, या सगळ्याला गुण. यादीत काकांचं गाव होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे गाव माझ्या ओळखीचं आहे, ही एक ओळ दुसऱ्या कुणाला द्या. एवढंच वाक्य. मी बोलले नाही. बोललं तर वशिला लावल्यासारखं दिसेल असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे वर केलेला हात मला खाली घ्यायचा नव्हता.

काकांनाही मी काही सांगितलं नाही. काम गोपनीय होतं, ते खरंच. पण त्या वसंतात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संघ वाचवण्यासाठी सह्या मागणारे मेसेज यायला लागले, तेव्हा मी ग्रुपमधूनच बाहेर पडले.

प्रेक्षक मोजण्यासाठी विकलेली तिकिटं धरायची नाहीत असं ठरलं होतं, कारण तिकीट घेणारा येतोच असं नाही. म्हणून प्रत्येक मैदानावर तीन रविवार विद्यार्थी पाठवून, दारात उभं करून, हातातलं बटण दाबत माणसं मोजून घेतली. कुणाला कळवायचं नाही असं होतं, पण गावात बातमी फुटली. काका फोनवर म्हणाले, “डोकी मोजायला येणार आहेत म्हणे. मोजू देत बापडे.”

त्यानंतर आठवड्याभराने त्यांचा पुन्हा फोन आला. रविवारी मॅच आहे, जमलं तर ये. मिनियापोलिसहून बरीच मंडळी येणार आहेत, दोन बस केल्या आहेत. तू असलीस तर बरं वाटेल. मी म्हटलं, काका, काम आहे. ते म्हणाले, “बरं. काम सोडून येऊ नकोस.”

त्या रविवारचा आकडा सोमवारी माझ्यासमोर आला. बाकीच्या दोन रविवारांच्या दुपटीहून जास्त. शेजारी मोजणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं, दोन बसमधून बाहेरगावचा मोठा गट आला. ते वाचताच मला वाटलं की मला सगळं कळलं.

मला वाटलं, कारण मी हे पूर्वी पाहिलं होतं. मी सहावीत असताना आमच्या शाळेचा पट कमी झाला होता आणि शाळा बंद करायची का हे बघायला साहेब येणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक बाई दोन वस्त्यांवर स्वतः चालत गेल्या आणि तिथल्या मुली मागून आणल्या. सकाळी त्या आमच्या बाकांवर आमच्या शेजारी बसल्या. आमच्या शाळेच्या रिबिनी लाल. बाईंनी जास्तीच्या लाल रिबिनी आणल्या होत्या, पण कमी पडल्या. सात-आठ मुलींच्या वेण्यांना त्यांच्या शाळेच्या पांढऱ्याच राहिल्या. साहेब वर्गात आले, रांगांमधून सावकाश फिरले. माझ्या शेजारच्या मुलीच्या वेणीपाशी थांबले. तिला विचारलं, “कितवीत?” तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “अभ्यास करत जा,” आणि पुढे गेले. सही केली, चहा घेतला, जीपमध्ये बसले. शाळा राहिली. पुढच्या शाळेला जायला बस नव्हती आणि माझ्या वडिलांनी मला नऊ किलोमीटर चालत पाठवलं नसतं. साहेबांनी पांढऱ्या रिबिनी पाहिल्या होत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तर मी ठरवलं की काकांनी बाईंसारखंच केलं. आपली माणसं बसमध्ये घालून आणली आणि बाकं भरली. मला राग आला नाही. उलट मी मनातल्या मनात समजूतदार हसले. मग त्या गावाचा हिशेब दोन्ही प्रकारे करून पाहिला. तो रविवार धरला तर गाव ‘ठेवायचे’ आणि ‘सोडायचे’ यांच्यामधल्या रेषेच्या जेमतेम वर. वगळला तर खाली. मी वगळला. पुढच्या रकान्यात इंग्रजीत कारण लिहिलं: संख्या फुगवण्यासाठी बाहेरून आणलेली गर्दी. मॅनेजरने ती टीप वाचून सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की खेळ कळणारं माणूस असलं की असा फरक पडतो. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्याच अभिमानाची वाटते.

शेवटचा निर्णय आमचा नव्हता, तो खूप वर झाला. पण यादी आमची होती. सोडलेल्या गावांची नावं जाहीर झाली त्या दुपारी काकांचा फोन आला. आवाज साधाच होता, पेशंटला रिपोर्ट सांगतात तसा. म्हणाले, “गेला गं संघ आपला. तू त्या आकड्यांच्या लाइनमधली आहेस, तुमच्याकडे काही कानावर आलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही काका. मला काहीच कल्पना नव्हती.”

ते म्हणाले, “हो, तुला कुठून असणार.” आणि मग काकूंच्या गुडघ्याबद्दल बोलले.

त्यानंतर वर्षभर मी गेले नाही. काम, भारतात जाणं, सर्दी, सगळी कारणं झाली. पुढच्या जुलैत काकूंनी स्वतः फोन केला. बॉलपार्क बंद पडलेलं नाही, कॉलेजच्या मुलांची उन्हाळी लीग सुरू झाली आहे, ये. मी गेले. तळघरातली खोली रिकामी होती. ही मुलं जवळपासचीच, त्यांना घर लागत नाही. काकूंनी त्या पलंगावर वाळवणाचे डबे मांडून ठेवले होते.

पायऱ्यांपाशी भिंतीवर एक नवा फोटो होता. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर काका, हात वर, चेंडू नुकताच सुटलेला. मागे बाकांवर गावातली माणसं आणि त्यांच्यात मिसळून आपली माणसं, नऊवारीतल्या बायका, फेटे बांधलेले काही हौशी. फोटोखाली छोट्या पट्टीवर चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल गावाने मानलेले आभार आणि तारीख. त्याच रविवारची.

काकू मागून येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गावाने यांचा सत्कार ठरवला होता, पहिला चेंडू यांनी टाकायचा. मंडळाला कळल्यावर त्यांनी बस केल्या. हे कुणाला सांगेनात, लाजत होते. “तुला तरी सांगितलं असेल असं मला वाटलं. तू नव्हतीस तेवढंच राहिलं बघ.”

मग मी आणि काका मैदानावर गेलो. आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो. काकांनी वही माझ्या मांडीवर ठेवली, पेन्सिल दिली. पूर्वी निम्मी बाकं तरी भरायची. आता पुढच्या चार रांगांत तुरळक माणसं होती, बरीचशी त्या मुलांचे आईवडील. दुसऱ्या डावात मी सांगितलं. आधी यादीबद्दल, मग रविवार वगळल्याबद्दल, मग का वगळला ते. रिबिनींबद्दलही सांगितलं. सांगताना ते स्पष्टीकरणासारखं वाटायला लागलं, म्हणून मध्येच थांबले. फोनवर खोटं बोलले तेही सांगितलं.

काका समोर बघत होते. म्हणाले, “म्हणजे तुला वाटलं मी फसवतोय.”

“हो.”

“मला फोन करून विचारायचंस. काका, या बस कशाला, असं.”

“हो.”

“मी खरं सांगितलं असतं. बसमधली माणसं दरवर्षी येणार नव्हती, ते बरोबर आहे. तो आकडा तू काढलास त्याचं मला फार नाही. तू ते माझ्याबद्दल लिहिलंस.”

मी म्हटलं की मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं. हे किती क्षुद्र उत्तर आहे ते तोंडातून निघाल्यावर कळलं.

तेवढ्यात मैदानावर एक सोपा चेंडू शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या असलेल्या मुलाच्या हातमोज्यातून निसटून मागे गवतात गेला. माझं लक्ष नव्हतं. काकांनी वहीकडे बोट दाखवलं. मला विचारावं लागलं, “सोपा होता?”

“सोपा होता,” ते म्हणाले.

मी चूक लिहिली आणि शेजारी शॉर्टस्टॉपचा आकडा. उरलेले डाव आम्ही खेळापुरतंच बोललो. काकांनी एकदाही माझ्या वहीत डोकावून पाहिलं नाही. पूर्वी सारखे डोकावायचे आणि माझ्या खुणांना हसायचे.

निघताना काकूंनी नेहमीसारखा डबा दिला, थालीपीठं आणि लसणाची चटणी, वर फॉइल. गाडीत ठेवताना म्हणाल्या, “गणपतीला ये हं, आरतीला माणसं लागतात.” काका दारात उभे होते. त्यांनी काकूंना अजून काही सांगितलं नव्हतं, की सांगूनही काकूंनी डबा भरला, ते मला कळलं नाही. अडीच तास तो डबा शेजारच्या सीटवर होता. घरी येऊन मी तो न उघडताच फ्रिजमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी उभ्या उभ्या सगळा खाल्ला.