दाजींची बिनकिल्लीची गाडी

आमच्या दाजींइतका कुलपावर जीव लावणारा आणि कुलपावर तितकाच अविश्वास दाखवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस-पस्तीस वर्षं घालवून निवृत्त झाले आणि बजाजनगरातल्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात राहतात. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, जिना उतरतात, पुन्हा चढतात आणि चौथ्यांदा ओढतात. एकदा लग्नाला निघालो असताना पाचव्यांदा ओढलं, तर कडीच उपटून हातात आली. ताई वैतागून म्हणाली, "चोरालाबी इतका वेळ लागला नसता." दाजी कडीकडं समाधानानं बघत म्हणाले, "बग, कच्ची हुती. बरं झालं आताच कळलं."

अशा माणसाला पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं निवृत्तीची भेट म्हणून बिनकिल्लीची गाडी दिली. किल्लीच्या जागी साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. ती खिशात ठेवायची, दाराची मूठ धरली की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी सुरू होते. दाजींनी डबी उलटीपालटी केली, कानाजवळ नेऊन हलवून बघितली आणि विचारलं, "ते समदं खरं, पण किल्ली कुठंय?" अडीनडीला लागणारं लोखंडी पातं त्या डबीच्या पोटातच दडवलेलं असतं, हे लेकीनं दाखवल्यावर कुठं त्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी हौसेनं त्या पात्यानं दार उघडलं आणि गाडीनं जो ठणाणा सुरू केला, त्यानं अख्खी गल्ली बाहेर आली. खऱ्या किल्लीनं उघडणारा माणूस गाडीला चोर वाटला, याचं दाजींना फार लागलं. दोन दिवस ते गाडीशी बोलले नाहीत. एरवी बोलतात.

खरी पंचाईत पुढंच होती. गाडी बंद झाली का, हे दाजी मूठ ओढून बघणार. पण डबी त्यांच्याच खिशात, त्यामुळं मूठ ओढली की धनी आला असं समजून गाडी आज्ञाधारकपणे उघडायची. मग पुन्हा बंद करायची, पुन्हा ओढून बघायची, पुन्हा उघडायची. पहिल्या आठवड्यात हा खेळ एकदा अर्धा तास चालला. शेवटी त्यांनी तोड काढली. गाडी लावली की डबी ताईकडं द्यायची, ताईनं वीस पावलं लांब जाऊन उभं राहायचं आणि दाजींनी मूठ ओढून खात्री करायची. बाजारात, दवाखान्यापुढं, मंगल कार्यालयाबाहेर, कुठंही गेलं तरी माझी बहीण पर्स छातीशी धरून शिक्षा झाल्यासारखी लांब उभी दिसायची. डबी वरच्या खिशात असली, तर तिचंही वेगळं दुखणं. दाजी देवळात वाकले की बटण दाबलं जायचं आणि बाहेर गाडीची डिकी उघडायची. कुणीतरी त्यांना सांगितलं, की चोर घराबाहेरूनच डबीचा सिग्नल ओढून घेतात आणि गाडी पळवतात. तेव्हापासून डबी चांदीच्या कागदात गुंडाळून पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात झोपते.

आणि गाडीचं ते सततचं पीं पीं! पट्टा नाही लावला, पीं. दार नीट नाही लागलं, पीं. मागच्या सीटवर कलिंगड ठेवलं तरी पीं. दाजींचा जन्म शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला. ते म्हणायचे, "शेरडू वरडलं तर त्याला कारण आसतंय, पाव्हणं. ही उगंच वरडती." त्यामुळं गाडीचं ओरडणं त्यांनी ऐकायचंच सोडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ते भोवलं. साळवे हे दाजींचे कारखान्यातले जुने जोडीदार. निवृत्तीनंतर पाचोडजवळच्या आपल्या गावी राहायला गेलेले. त्यांच्या मुलीची, सुजाताची, पीएचडीची तोंडी परीक्षा विद्यापीठात दुपारी बाराला होती. मोसंबीच्या झाडांवरच्या रोगावर तिनं सहा वर्षं काम केलं होतं. साळव्यांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांना आणि वहिनींना आपणच गाडीतून आणायचं, हे दाजींनी महिनाभर आधी ठरवलं होतं. सकाळी दाजी, ताई आणि मी निघालो. देवळाई चौकात पेढे घेतले. रीतीप्रमाणे ताई डबी घेऊन वीस पावलं लांब उभी राहिली, दाजींनी मूठ ओढली, खात्री झाली. पेढे घेऊन गाडी सुरू केली आणि शंभरएक पावलं गेलो असू, तोच ताईला आठवलं, की इथंच तिची नणंद राहते. "मला हितंच उतरवा. मी आन् ती रिक्षानं थेट इद्यापीठात येतो," म्हणाली. गाडी चालूच होती. ताई उतरली, पर्ससकट. गाडीनं जिवाच्या आकांतानं पीं पीं केलं. दाजी म्हणाले, "वरडू द्या."

साळव्यांच्या दारात दाजींनी रुबाबात गाडी बंद केली. साळवे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, वहिनी निळ्या काठपदराच्या साडीत, दोघं तयारच होते. चहा झाला, सगळे गाडीत बसले, दाजींनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोर अक्षरं उमटली, की किल्ली सापडत नाही. मी ताईला फोन लावला.

"माझ्याच पर्समधी हाय की!" ताई ओरडली. "मग तुमी गाडी नेली कशी?"

"चालू हुती, म्हणून गेली," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

साडेदहा वाजले होते. एसटी नुकतीच गेलेली. दाजी तडक हमरस्त्यावर गेले आणि दहा मिनिटांत शहराकडं निघालेला शेळ्यांचा टेम्पो घेऊन आले. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीतला निघाला. पुढं एकच जागा होती, तिथं वहिनींना बसवलं; साळव्यांना धरून मागं चढवलं. आणि मग दाजी थबकले. डबीशिवाय गाडीला कुलूप लागत नव्हतं. नवी कोरी गाडी परक्या गावात, चारी दारं उघडी टाकून जायचं होतं. साळवे म्हणाले, "तू थांब हितं. आमी जातो." शेजारचे एक म्हातारे शेतकरी खुर्ची घेऊन आले आणि गाडीला खेटून बसले. "जावा तुमी. पोरीची परीक्षा हाय. मी हालत नाय हितून," म्हणाले. दाजींनी एकदा गाडीकडं बघितलं. मूठ ओढली नाही. "राहू द्या उघडी," म्हणाले आणि टेम्पोत चढले.

मागं आम्ही तिघं आणि चौदा शेळ्या. एक काळी शेळी साळव्यांचा सदरा चाखून बघत होती आणि दाजी तिला शिंगाला धरून समजावत होते. मी म्हटलं, "दाजी, कुलूप न लावता निघालात, कमाल आहे!" साळवे हसले. म्हणाले, "पाव्हणं, ह्यानं एकदा किल्लीच दिऊन टाकली हुती. तुमाला ठावं नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. साळवे सांगू लागले. तीसेक वर्षांपूर्वीची, नामांतराच्या काळातली गोष्ट. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव वातावरण तापलं होतं. साळवे वाळूजला कामावर, बायको आणि तीन वर्षांची सुजाता गावी. एके दिवशी त्यांच्या कडब्याच्या गंजीला काडी लागली. "कुणी लावली ते समद्या गावाला म्हायीत, आन् कुणालाच नाय," साळवे म्हणाले. "मी मशिनीवर उभा हुतो, पण हात चालंना. ह्यानं कमरंची किल्ली काढली, माझ्या हातात ठिवली. म्हणला, वैनीला आन् पोरीला माझ्या रूमवर आण. मी म्हणलो, घरमालकानं इचारलं तर? तर म्हणला, भाऊ हाय म्हणून सांग. सात म्हैने ऱ्हायलो आमी. हा पल्याडच्या गल्लीत चार पोरांत आंग टाकायचा."

"लई नको सांगू," दाजी शेळीकडं बघत म्हणाले. "मी झाडू मारायला लागलो हुतो कंपनीत. ह्यानं मला ड्रॉइंग वाचाया शिकवलं, मशिनीवर उभं केलं. ते नाय सांगत."

सात महिने! मी मनाशी हिशेब जुळवला. ताईचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा. रूमचं काम चाललंय म्हणून दाजींनी तिला आमच्याकडं ठेवलं होतं. आमचे वडील त्यावरून अखेरपर्यंत जावयाला बोल लावत राहिले. ताई सारं जाणून होती आणि तिनं ब्र काढला नव्हता.

"दाजी, एकदा तरी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"त्याच्या घरची गोष्ट. त्याला वाटलं तर त्यानं सांगावी. मी कोण?"

विद्यापीठाच्या गेटपाशी साळव्यांनी टेम्पो थांबवायला लावला. गुडघे धरत उतरले, कमानीपुढं हात जोडून क्षणभर उभे राहिले आणि मग दाजींच्या खांद्यावर हात टाकून चालू लागले. आम्ही दालनात शिरलो तेव्हा साडेबारा होत होते. सुजाता बोलत होती. सदऱ्याची बाही चघळलेली, अंगाला शेळ्यांचा वास, असे आम्ही मागच्या रांगेत बसलो. तिनं बापाला बघितलं, अर्धा क्षण थांबली आणि पुढं अशी बोलली, की परीक्षकांनी लेखण्या खाली ठेवल्या. शेवटी त्यांनी तिला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली, तेव्हा साळवे ताठ बसून राहिले आणि रडले ते दाजी.

बाहेर लिंबाखाली सगळे जमलो. पेढे उघड्या गाडीत पाचोडकडं राहिलेले, म्हणून ताईनं पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. सुजाता पुढच्या महिन्यापासून इथंच शिकवणार होती. दोघं म्हातारे पारावर टेकून तिच्या वर्गात पहिल्या बाकावर कोण बसणार, यावर भांडत होते. मी जरा बाजूला होतो. नामांतराच्या त्या दिवसांत मी याच शहरात कॉलेजात होतो. मला आठवतं ते एवढंच, की परीक्षा पुढं गेली म्हणून मी चिडलो होतो. बाकी काहीच आठवत नाही, कारण बाकी काही मी बघितलंच नव्हतं.

"मामा, तिकडं काय उभे?" सुजातानं हाक मारली. "फोटो काढतोय. या ना आमच्यात."

मी क्षणभर घुटमळलो. मग दाजींनी सरकून जागा केली आणि मी जाऊन उभा राहिलो.