गौराकाकूंची शिवी

गंगावेशीतल्या आमच्या शेजारीण गौराकाकूंनी नवऱ्याला वीस वर्षं एकच शिवी दिली, ‘नादखुळा’.

गुरुसिद्धकाका म्हशी पाळायचे. घरावरची कौलं फुटकी राहिली तरी चालतील, पण दिवाळीच्या पाडव्याला म्हशीच्या शिंगांना रंग हवाच. मग सायलेन्सर काढलेली गाडी फडफडत पुढं आणि म्हैस धावत मागं, अशी त्यांची स्वारी निघायची. काकू दारातून ओरडायच्या, "नादखुळा माणूस! संसार बुडवणार!" नव्वद साली या शब्दाचा अर्थ तेवढाच होता, वेडापायी कामातून गेलेला माणूस.

दोन हजारनंतर पोरांना काय झालं देव जाणे. मिसळ नाद खुळा, सिनेमा नाद खुळा, नवी चप्पलसुद्धा नाद खुळा! पाडव्याला काकांच्या मागं म्हैस धावली तशी सगळी गल्ली कौतुकानं ओरडली, "काका, नाद खुळा!" काका मिशीत हसले. काकू भडकल्या, "मी वीस वर्षं बोंबलत हुते, तवा कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत!"

पुढं तो शब्द रिक्षांवर, टी-शर्टांवर, वाढदिवसाच्या फलकांवर चढला. मला तर त्याचा वीट आला. अशाच एका पाडव्याला काका निघाले, तर काकू दारात गप्प उभ्या. काकांनी गाडी बंद केली.

"आज शिवी न्हाय व्हय?"

"ती आता गावाची झाली," काकू म्हणाल्या. "लोक चपलेलाबी तेच म्हणत्यात. तुमास्नी कशी देऊ?"