सालीसकट

आंब्यावरून पडलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला. पाय दोन-तीन महिन्यांत चालू लागले, उजवा हात मात्र हटून बसला. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी डोक्यावर चुंबकाचं कडं धरलं. टक् आवाज झाला आणि माझा अंगठा उडाला.

"हलला!" मी ओरडलोच.

"ही नुसती तपासणी," ते म्हणाले. "मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचतोय, एवढंच कळलं. हात वापरूनच सुधारेल."

पेणला व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आई मला रोह्याहून दर आठवड्याला एसटीने तिकडे न्यायची. बाईंनी तिला विचारलं, "घरात सोलण्यासारखं काय असतं?"

"बिरड्याचे वाल."

"मग रोज वाटीभर, उजव्याच हाताने. कुणी मदत करायची नाही. भरवणंही हळूहळू बंद करा."

मोड आलेला वाल चिमटीत दाबला की सालीतून सुटतो. आईचे हात गप्पा मारतामारता पाटीभर सोलायचे. माझ्या चिमटीतून वाल सालीसकट पळायचा. धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेले वडील म्हणायचे, "सोल लवकर, नायतर वेल चढंल भिंतीवर." मला हसू यायचं नाही. चार वाल सोलून मी चिडून झोपायचो. उठल्यावर वाटी भरलेली असायची. कुणी भरली ते कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

पेणला बाईंना ऐटीत सांगितलं, "रोज वाटीभर होतात."

त्यांनी समोर वाल ठेवले. पाव तासात दोन झाले. आई खाली बघत राहिली.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो, "माझा हात मेलाय असंच वाटतं ना तुला?"

"तुझे हाल बघवत नाय रे," एवढंच ती म्हणाली. चोरी दोघांची होती आणि बोलणी तिने एकटीने खाल्ली. याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर मी सोलायला बसलो की ती पडवीत जाऊन पाठ करून बसायची. जेवताना भरवणं मात्र तिला सोडवेना.

पावसाळा सरला. एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "आज बिरड्यात सालं लागतात गो."

"लागू देत," आई म्हणाली. "आज सगळे त्यानंच सोललेत."

वडिलांनी पुन्हा वाढून घेतलं. आईचा घास सवयीने माझ्या तोंडाशी आला. मी उजव्या हाताने माझ्या ताटातला भात कसाबसा गोळा करत होतो. तिचा हात थांबला. तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला आणि सालीसकट चावत राहिली.