देवघरापुढचे बूट

खंडेनवमीला कुणी कोयता पुजतं, कुणी ट्रॅक्टर. माझी मैत्रीण सुनंदा हिच्या घरी मात्र देवघरापुढे लष्करी बुटांचे तीन जोड मांडलेले पाहून मी चपापलेच. पायातली वस्तू, आणि देवापुढे?

"आमच्या घरचं हत्यार हेच," सुनंदा म्हणाली. एक जोड तिच्या दिवंगत सासऱ्यांचा, दुसरा नवऱ्याचा, तिसरा फौजेतून रजेवर आलेल्या लेकीचा. लेक मांडी घालून सगळ्यांना पॉलिश करत होती. तिने आजोबांचे बूट उलटे केले, तेव्हा दिसलं की डाव्याचा तळ झिजून पातळ झालाय आणि उजव्याचा अगदी कोरा आहे.

"मावशी, लढाईत आजोबांचा उजवा पाय गेला," ती म्हणाली. "नंतर घेतलेला हा जोड. एकच बूट घालून, कुबडी घेऊन शेतावर जायचे. पॉलिश मात्र रोज दोन्हींना करायचे."

चाललेल्या वाटा झिजलेल्या तळाला ठाऊक असतात. पण तो कोरा तळ? मला वाटलं, या घरातली पुढची सगळी पावलं त्यातूनच निघाली असावीत.

लेकीने त्या कोऱ्या बुटावर झेंडूचं फूल ठेवलं. मी वाकले. मोठ्यांच्या पाया पडायची सवय लहानपणापासूनची. नसलेल्या पायाला नमस्कार मात्र मी पहिल्यांदाच केला.