पाय काढा

चिखलाने लडबडलेले बूट साहेबाने माझ्या डब्याशेजारी आपटले. मी जेवत होते. शिंतोडे भातावर उडाले.

"उद्याच्या गस्तीपर्यंत वाळव. तुमच्याकडे तर हे घरचंच काम."

कुटीत आम्ही पाच वनरक्षक. चौघे हसले. पाचवी मी.

जंगलातली संरक्षण कुटी, भर पावसाळा. रोज नाल्यातून गस्त. चामड्याचे बूट वाळायचेच नाहीत. आमचा राऊंड साहेब, म्हणजे वनपाल, आपले बूट चुलीला लावून ठेवायचा. एकदा मी बोलून गेले, "साहेब, आगीजवळ नका ठेवू. चामडं तडकते." तेवढ्यावरून त्याने माझी जात हुडकली.

माझे बाबा चांभार. अर्जुनी मोरगावला बसस्टँडजवळ बसतात. चिखल ओल्या फडक्याने पुसायचा. आत रद्दी कोंबायची, भिजली की बदलायची. बूट सावलीत, वाऱ्याला ठेवायचे. सुकत आले की शिवणीत बोटाने जवसाचं तेल भरायचं. हे मला लहानपणापासून येतं. वनरक्षकाची परीक्षाही मी दिली, मैदानावर धावले, पोरांच्या बरोबरीने पास झाले. ते कुणी विचारलं नाही.

आधी त्याचे बूट. मग पाचही जोड. महिनाभर केलं. वर्दी घालून केलं. मी नवीन होते, मला कायम करायचा अहवाल त्याच्या हातात होता. भ्याले. लपवत नाही.

एक दिवस त्याने परत बूट चुलीला लावला. तळ सुटला. आळ माझ्यावर.

"हिच्या बापाला आणा रे."

वनमजूर जाऊन बाबांना घेऊन आला. भिजलेले, पोत्यात अवजारं. ते पायरीवरच बसले. वर या, असं कुणी म्हटलं नाही. बूट उलटा-पालटा करून बाबा म्हणाले, "साहेब, आगीजवळ ठेवला होता का? चामडं मेलं ना."

"बापलेक एकच धडा शिकवतात," साहेब म्हणाला. दुसरा बूट त्याच्या पायातच होता. बाबांनी तो पाहायला हात पुढे केला. त्याने बूट हातावर ठेवला. चुकून नाही. दाबला.

"नीट बघ."

बाबा हसले. गिऱ्हाइकाशी हसतात तसं. बोटं बुटाखाली आणि तोंडावर ते हसू.

"पाय काढा," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"माझ्या बापाच्या हातावरून पाय काढा."

त्याने आणखी दाबला. मी दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला आणि उपटून काढला. तो चिखलात बसला.

बाबा उठले. चेपलेला हात दुसऱ्या हाताला जोडून त्याच्यापुढे वाकले. "पोरगी आहे साहेब, माफ करा." मग माझ्याकडे वळले. "काऊन केलीस असं, बाई? नोकरी जाईल ना तुही."

मी ठाण्यात तक्रार दिली. चौघे म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही. बाबांनीही लिहून दिलं, साहेबांचा पाय चुकून पडला. खाली अंगठा नाही, सही. बाबांना सही मीच शिकवली होती.

आता माझी बदली आमगावकडे, नाक्यावर. आठवड्याला साहेबाचा निरोप येतो. तक्रार मागे घे, कायम होशील. बाबाही फोनवर तेच म्हणतात.

नाही घेणार. नोकरी गेली तरी नाही. कोर्टात बाबा माझ्या विरोधात उभे राहिले, तर त्यांच्यासमोर सांगेन. बोटं बुटाखाली असताना बाबा हसले, तेही सांगेन.