अर्धं बटण

"हात दाव."

मावशींचं सकाळचं पहिलं वाक्य हेच असायचं. आमच्या औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग विभागाच्या दारात त्या उभ्या असायच्या. येणाऱ्या प्रत्येक मुलीचा हात दोन्ही हातांत घ्यायच्या, उलटसुलट करायच्या, नखांवरून अंगठा फिरवायच्या आणि मगच तिला आत सोडायच्या. नखं वाढलेली, अंगठी राहिलेली, बोटाला कापलेलं, काहीही असलं तरी मुलगी बाहेर. नियम कंपनीचाच होता, पण कंपनीच्या नियमात नजरेनं बघणं पुरेसं होतं. हात हातात घ्यायची पद्धत मावशींची.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना हाताला हात लागल्याशिवाय माणूस भेटल्यासारखं वाटत नाही.

मावशी समुद्रकाठच्या नवापूरच्या. नवरा होडीवर, घरी लग्नाची मुलगी. बोईसरच्या कारखान्यात त्या ऐन तरुणपणी लागल्या आणि पॅकिंगच्या लाईनवर मुख्य झाल्या. मी तिथे प्रशिक्षणाचं काम बघते. नव्या कामगारांना मशीन, स्वच्छता, सुरक्षितता हे सगळं मी शिकवायचे, आणि शिकवून झालं की मावशी त्यांना खरं काम शिकवायच्या. चारचौघांत त्या मला 'मॅडम' म्हणायच्या. दोघीच असलो की 'बाय'.

हात बघताना त्यांना घरची खबरही लागायची. "काल कोलंबी सोललीस." "मेंदी काढू नको सांगलेलं ना?" एकदा एकीला म्हणाल्या, "सासूशी भांडलीस काय? भांडी लई जोरात घासलीयस." पोरगी लाजली, कारण ते खरं होतं.

लाईनवर अर्ध्या मुली उत्तरेकडच्या. त्यांच्यासाठी मावशींची स्वतंत्र हिंदी होती. "हाथ दिखाव. शरमाने का नाय. हाथ हाय, चोरी का माल थोडी हाय." गोरखपूरची एक मुलगी नवी नवी आली तेव्हा रोज सकाळी रडायची. मावशी तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवायच्या. तेवढ्यात तिचं रडणं थांबायचं आणि मग ती आत जायची. तिची हिंदी मावशींना पुरती कळत नव्हती, मावशींची तिला तर अजिबात नाही.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं आमच्याकडे एक यंत्र चाचणीसाठी आणून ठेवलं. ताटाएवढी काळी चौकोनी पाटी आणि समोर पडदा. पाटीत बारीक बारीक स्पीकर ओळीनं बसवलेले. त्यांच्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो. तो सगळा आवाज हवेत एका ठिकाणी आणून सोडला की तिथली हवाच हाताला लागते, काहीतरी धरल्यासारखी. पडद्यावर बटण दिसायचं. पाटीच्या वर हात अधांतरी धरला की तेच बटण तळव्याला जाणवायचं. दाबल्याचं कळायचं, सोडल्याचंही कळायचं, आणि बघायला गेलं तर तिथे काहीच नसायचं. औषधांच्या स्वच्छ खोल्यांत कुणाला कशालाच हात लावावा लागू नये, म्हणून असली बटणं बसवायचा विचार चालला होता. कामगारांना ते जमतं का, हे मी बघायचं होतं.

मुलींना हा खेळच वाटला. कुणी हात झटकून मागे सरकली, कुणी खुदकन हसली. गोरखपूरवाली म्हणाली, "जैसे तितली बैठ गई." पुण्याचा इंजिनिअर खुशीत होता. तो पडद्यावर मोठं कडं दाखवायचा आणि विचारायचा, "काय लागतंय?" प्रत्येकीच्या तळव्यावर हवेचं गोल कडं उमटायचं.

मावशींनी आधी यंत्राकडेच संशयानं बघितलं. मग बाही जराशी मागे सारली आणि उजवा हात पुढे केला.

"काय लागतंय?" इंजिनिअरनं विचारलं.

"अर्धं लागतंय," मावशी म्हणाल्या. "अंगठ्याकडं लागतंय. करंगळीकडं तुमचं बंद हाय."

त्यानं पाटी तपासली. वायर काढून परत लावली. स्वतःचा हात धरून बघितला. "आता?"

"अर्धंच हाय. हे बगा, इथनं पुढं काय नाय." त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं उजव्या तळव्यावर रेघ ओढून दाखवली. मागे उभ्या मुलींना वळून म्हणाल्या, "लाखाचं यंत्र आणि अर्धं बटण. आपल्याकडं गोळ्यांची असली पट्टी गेली असती तर मी फेकून दिली असती." सगळ्या हसल्या. मीही हसले.

इंजिनिअर म्हणाला, "मावशी, डावा हात धरा बघू."

त्यांनी धरला. पडद्यावरचं कडं फिरत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की या हाताला ते पुरतं लागतंय. परत उजवा धरला. परत डावा. मुली अजून हसतच होत्या, पण मावशींचं हसू गेलं होतं. "मासे साफ करकरून कातडं मेलं असंल," त्या म्हणाल्या, आणि बाही मनगटापर्यंत ओढून लाईनवर निघून गेल्या.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांना गाठलं. "मावशी, हाताला काय झालंय?"

"काय नाय."

"तव्यावर भाजलं तर कळतं का?"

त्या बाकावर बसल्या. दार लावलेलं आहे ना ते बघून त्यांनी बाही वर केली. कोपराच्या खाली फिकट रंगाचा चट्टा होता. करंगळीवर भाजल्याच्या जुन्या खुणा. "भाकरी भाजताना जळका वास येतो, तेवा कळतं," त्या म्हणाल्या. मग खाली बघत हळूच, "मला ठावं हाय ते काय हाय."

त्यांच्या लहानपणी आत्याला असाच चट्टा आला होता. घरच्यांनी तिला वाडीच्या टोकाला झोपडी बांधून दिली. तिचं ताट न्यायचं काम मावशींकडे होतं. ताट वाळूवर ठेवायचं, लांबून हाक मारायची आणि पळत सुटायचं. "ती म्हणायची, थांब गं जरा, बोल माज्याशी. मी कदी थांबले नाय." त्यामुळे स्वतःच्या हातावरचा चट्टा त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखला होता. मुलीचं लग्न ठरत होतं. तेवढं होऊ दे, मग बघू, म्हणून त्यांनी बाही खाली ओढली होती.

बोईसरमध्ये ओळखीचं कुणी भेटेल म्हणून त्या तिथल्या डॉक्टरांकडे जायला तयार नव्हत्या. मी सुट्टी घेतली आणि त्यांना पालघरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्यांनी पदर तोंडावर घेतला होता. आत गेल्यावरही काढला नाही.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी मावशींना डोळे मिटायला सांगितलं, कापसाचं टोक तळव्यावरून फिरवलं, कोपराच्या आतली शीर चाचपली. मग मावशींचा हात आपल्या हातात घेऊनच सगळं समजावून सांगितलं. कुष्ठरोग आहे. बरा होतो. गोळ्या इथेच फुकट मिळतात. हात धरल्यानं तो कुणाला होत नाही. वर्षानुवर्षं जवळ राहून, श्वासावाटे झाला तर होतो, तोही फार थोड्यांना, आणि गोळ्या सुरू झाल्या की तेवढाही धोका उरत नाही. नोकरी सोडायची गरज नाही.

मावशींनी यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. त्या एकसारख्या आपला हात सोडवून घ्यायला बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरबाय, तुमी हात धुवा आदी."

"जेवायच्या आधी धुतेच मी," डॉक्टर म्हणाल्या, आणि हात सोडला नाही.

गोळ्यांचं पाकीट मिळालं तेव्हा मावशींनी सवयीनं ते उलटं करून कडेचा जोड बघितला. "पॅकिंग बरं हाय," त्या म्हणाल्या. सबंध दिवसात त्यांच्या तोंडून निघालेलं साधं वाक्य तेवढंच.

त्यानंतर काही दिवस त्या कामावर आल्या, पण पॅकिंगच्या दारात हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. मुली सवयीनं हात पुढे करायच्या. "हां, बगितला, जा," त्या लांबूनच म्हणायच्या. गोरखपूरवालीनं हात तसाच पुढे धरून ठेवला. "मौसी, गुस्सा हो?" मावशींनी मान फिरवली. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. सासू आजारी आहे असा निरोप आला. त्यांच्या सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते ठाऊक असलेली कारखान्यात मी एकटीच होते. मी तो निरोप तसाच पुढे पोचवला.

डॉक्टर बाईंना मी भेटले. मावशींचं नाव कुठेही न येता कामगारांची तपासणी व्हायला हवी, असं त्यांचंही मत होतं. त्यांनी आजूबाजूच्या तीन-चार कारखान्यांत मिळून त्वचेच्या आजारांचं शिबिर घेतलं. त्यात आमच्या लाईनवरची प्रत्येक मुलगी तपासली गेली.

ते सांगायला मी नवापूरला गेले. मावशींचा नवरा अंगणात जाळं शिवत बसला होता. फार न बोलणारा माणूस, पण मला बघून बोलायला लागला.

"तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, चटई वेगळी. मी कायच सांगलं नाय, तिनंच केलंय. डॉक्टरीण सांगते काय, आणि ही करते काय. एक दिवस मी तिच्या ताटातलं उरलेलं उचललं आणि खाल्लं, तिच्या म्होरं. मला वाटलं, आता तरी समजंल. तर ती माज्यावर जी वरडली, आणि दोन दिवस जेवलीच नाय. तुमी सांगा तिला. माजं नाय ऐकत."

मावशी मागच्या दारात उभ्या होत्या. गोळ्यांनी अंगाचा रंग काळपट पडला होता. शेजारणींना त्यांनी उन्हाचं कारण सांगितलं होतं. मुलीचं लग्न पार पडलं होतं, आणि त्या लग्नात त्यांनी कुणाला कुंकूसुद्धा लावलं नव्हतं. पाव्हण्यांना वाढायलाही जावेला पुढे केलं.

"परत चला मावशी," मी म्हणाले. "जागा आहे तुमची."

"मी त्या पोरींचे हात धरले, बाय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुमाला वाटतं मला रोगाची लाज हाय. रोग काय, कुनाला पन होतो. मला चट्टा दिसत होता, आणि मी रोज सकाळी त्यांचे हात धरत होते. दुसऱ्याच्या नखाखालची घाण बगत होते."

"हात धरल्यानं होत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तेवा मला कुटं ठावं होतं? मला वाटत होतं, होतो. होतो असं वाटत असून मी धरले."

मी फक्त शिबिराचं सांगितलं. सगळ्यांची तपासणी झाली, कुणालाही काही निघालं नाही.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"ती रडायची ती?"

"तीसुद्धा."

त्यांनी दाराची चौकट धरली आणि तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मी पुढे झाले तर हातानंच 'तिथेच थांब' अशी खूण केली. नवऱ्यानं जाळं खाली ठेवलं, पण तोही जागचा उठला नाही.

पुढे गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. डॉक्टर बाईंनी फोनवर सांगितलं की मावशी आता पूर्ण बऱ्या आहेत. करंगळी मात्र थोडी वाकडी राहील. ते हवेतलं बटण आमच्या कारखान्याला काही परवडलं नाही, पुण्याची माणसं येऊन यंत्र घेऊन गेली. मावशींच्या जागी दुसरी बाई आली. ती नियमाप्रमाणे नजरेनं हात बघते.

या हिवाळ्यात एका रविवारी लाईनवरच्या मुलींनी हट्टच धरला, मौसीला भेटायचंय. सासूच्या आजारपणावर त्यांचा अजून विश्वास होता. मी आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर नको म्हणून निरोप आला असता. दोन रिक्षा करून आम्ही नवापूरला गेलो. गोरखपूरवालीनं घरून लाडू करून आणले होते.

घर उघडं होतं. चुलीवर चहाचं आधण होतं, म्हणजे नुकतंच कुणीतरी उठून गेलं होतं. मावशींचा नवरा बाहेर आला, मुलींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ती एडवणला गेलीय, भावाकडं," तो म्हणाला. मुलींना त्यानंच चहा करून दिला, कपबश्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या. लाडवांचा डबा त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेऊन ठेवला. मुली तासभर बसल्या, अंगणात फोटो काढले आणि निघाल्या.

रिक्षा रस्त्यावर उभ्या होत्या. तिथून किनारा दिसतो. बोंबील वाळवायला बांबूंच्या रांगा बांधलेल्या होत्या आणि बोंबील दाट टांगलेले होते. त्या रांगांच्या पार पलीकडे, समुद्राच्या बाजूला, हिरव्या लुगड्यातली एक बाई वाळूवर उकिडवी बसली होती. आमच्याकडे पाठ करून. दोन्ही हात पदराखाली घेतलेले.

"मॅडम, क्या देख रही हो?" गोरखपूरवालीनं विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणाले, आणि सगळ्यांना रिक्षात बसवलं.