दिपाली बाईंचा बंद डबा

दापोड्याच्या गोदामांमागे आमची जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापिका दिपाली बाई. मला वर्ग शांत लागतो. बाईंचा वर्ग म्हणजे मासळीबाजार, आणि मध्ये भिंत एकच. सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांना चिकार शिव्या घातल्या. आता त्यांच्याविरुद्ध कुणी बोललं तर माझंच डोकं फिरतं.

गोंधळाचं मूळ म्हणजे त्यांचे डबे. औषधाचे रिकामे प्लास्टिकचे डबे, आत काहीबाही टाकून गोदामातल्या खाकी चिकटपट्टीनं गच्च बंद केलेले. पोरांनी डबा हलवायचा, कलंडायचा, चुंबक लावायचं आणि आत काय असेल ते सांगायचं. कुणी उत्तर दिलं की सगळा वर्ग ओरडतो, "कशावरून?" कारण देता आलं नाही तर उत्तर बाद. आणि डबा उघडायचा नाही. कधीच नाही.

हे खूळ त्यांनी गणेशपुरीपलीकडच्या पाड्यावरून आणलं. त्यांची आई कमळा मजुरीवरून येताना शेताच्या बांधावर खेकडे धरायची. बिळात हात घालण्याआधी लेकीला विचारायची, "आत हाय का? कशावरून?" तोंडाशी ओला चिखल दिसला की मालक घरात आहे. तपासायचं विसरलं तर खेकडाच नांगीनं पेपर तपासायचा.

गेल्या जानेवारीत शाळा समितीचे अध्यक्ष सुभाषशेठ तणतणत आले. गोदामांची जमीन त्यांचीच, माल उतरवायचं कामही त्यांच्याकडंच. त्यांची पूर्वा चौथीत, वर्गातली सगळ्यात चौकस पोर. शेठना तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं.

"दाखला द्या, बाई. घरी आईला उठता बसता इचारते, कशावरून. पोर शिकाया पाठवली का डबं वाजवाया?"

पूर्वाचे डोळे भरले. ही पोर गेली तर बाईंचा वर्ग निम्मा मुका होणार होता.

बाईंनी वाद घातला नाही. "दाखला लिहिते, शेठ. तोवर हा डबा धरा. काय असेल आत?"

शेठनी डबा घेतला, पण चिकटपट्टीला हात लावला नाही. लावतील कसा? उभा जन्म सीलबंद खोकी उतरवून घेण्यात गेलेला. सील तोडलं की फुटका माल आपल्याच गळ्यात, म्हणून गोदामातला माणूस खोका हलवूनच काय ते ओळखतो. शेठनी डबा कानाशी नेला, तिरका केला.

"लोखंडाची गोळी. बेरिंगातली."

"कशावरून?" वर्ग गरजला.

गावात शेठना असं कुणी विचारत नाही. मी दाराआडून डोकं पुढं काढलं.

"आवाजावरून! वजनावरून!"

पूर्वानं हळूच चुंबक पुढं केलं. "पन बाबा, ह्यानं ती हलत न्हाय."

शेठनी स्वतः चुंबक डब्याखालून फिरवलं. गोळी ढिम्म.

"मंग काचेची गोटी."

"असंल. पन कलंडताना मधीच अडते. आत मऊ कायतरी हाय. ते अजून कळलं न्हाय."

शेठचा फोन वाजला, त्यांनी कापला. बापलेक फरशीवर मांडी घालून बसले. बाई दाखला लिहीत होत्या, पण पेन फारच सावकाश चाललं होतं.

शेवटी शेठ हरले. "बाई, तुमी तरी सांगा. काय हाय आत?"

"मला नाही ठाऊक. मागच्या चौथीच्या पोरांनी जाताना बंद करून दिलाय. मीही अजून शोधतेच आहे."

शेठ बाईंकडे बघतच राहिले. मास्तरीण असून माहीत नाही म्हणते, आणि लाजत नाही! मलाही ते आजवर जमलेलं नाही.

"दाखला ऱ्हाऊ द्या," शेठ उठत म्हणाले. "पोर हितंच बरी हाय." दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "पन डबा आजच्या दिस घरी न्हेऊ का?"

"नको. तुम्ही उघडाल."

शेठनी कमरेवर हात ठेवले.

"कशावरून?"